किचिजिरोचे पापनिवेदन : शूसाकू एन्दो यांच्या 'मौन' या कादंबरीतील पश्चात्ताप, क्षमा आणि पुनःपाप

प्रास्ताविक

शूसाकू एन्दो (१९२३-१९९६) यांची 'चिनमोकु' ही जपानी कादंबरी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी तिला तानिझाकी पुरस्कार मिळाला. विल्यम जॉन्स्टन यांनी केलेल्या १९६९ च्या इंग्रजी अनुवादामुळे ती जपानबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचली. मूळ नावाचा अर्थ 'मौन' असा असल्याने प्रस्तुत लेखात कादंबरीचा उल्लेख त्याच नावाने केला आहे.

या कादंबरीविषयी झालेली बहुतेक चर्चा एकाच प्रसंगाभोवती फिरते. सतराव्या शतकातील जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना गुप्तपणे आलेला पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरू सेबास्तियन रॉड्रिग्ज पकडला जातो आणि खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांची सुटका व्हावी म्हणून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. हा धर्मत्याग की प्रेमाची परिसीमा, असा तो वाद आहे. वाद महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच्या गलबल्यात कादंबरीतील दुसरा आणि बहुधा अधिक अवघड असा प्रश्न मागे पडला. किचिजिरो हा दारुडा, भित्रा कोळी पुन्हा पुन्हा पडतो आणि दर वेळी क्षमा मागण्यासाठी परत येतो. तो उद्या पुन्हा पाप करणार हे त्याला, धर्मगुरूला आणि वाचकालाही ठाऊक असते. अशा माणसाच्या पश्चात्तापाला पश्चात्ताप म्हणावयाचे काय?

समीक्षक सहसा किचिजिरोला यहूदा इस्कर्योताचा जपानी अवतार ठरवून मोकळे होतात. त्याने चांदीच्या नाण्यांसाठी धर्मगुरूला पकडून दिले, एवढे साम्य उघड आहे व ते लेखकाला अभिप्रेतही आहे. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील यहूदा नाणी फेकून देतो आणि गळफास घेतो. किचिजिरो गळफास घेत नाही. तो तुरुंगाच्या दाराशी येऊन पावसात उभा राहतो. यहूदाच्या चौकटीत न बसणारी हीच गोष्ट कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्द आणि सिद्धांत

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे प्रथम 'पश्चात्ताप' या शब्दाकडेच पाहावयास हवे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' हा मन पालटणे, विचारांची दिशा बदलणे असा अर्थ देतो. हिब्रू परंपरेतील त्याच्याशी निगडित क्रियापदाचा अर्थ 'मागे वळणे' असा आहे. मराठी बायबलने त्यासाठी 'पश्चात्ताप' हा शब्द रूढ केला. या शब्दात नंतर होणारा ताप आहे, जळणे आहे. वळणे मात्र नाही. आपल्या परंपरेतील 'अनुताप' या शब्दाचीही हीच स्थिती आहे, तर 'प्रायश्चित्त' या शब्दाचा भर कृतीवर, विधीवर पडतो. ख्रिस्ती संकल्पनेत जळणे, वळणे आणि भरपाई ही तिन्ही एकत्र येतात. किचिजिरोची अडचण या भेदातून चांगली उमगते. तो जळतो, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. तो वळत नाही, हाच त्याच्यावरील आरोप आहे.

हा आरोप जुना आहे. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या छळात अनेक ख्रिस्ती लोकांनी रोमन देवतांना बळी अर्पण करून जीव वाचवला आणि छळ ओसरल्यावर मंडळीत परत घेण्याची विनंती केली. नोव्हेशियनने त्यांना प्रवेश नाकारला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दीर्घ प्रायश्चित्तानंतर प्रवेश द्यावा अशी भूमिका घेतली आणि पुढे मंडळीने सामान्यतः हाच मार्ग स्वीकारला. नव्या करारातच दोन्ही सूर आहेत. इब्री लोकांस पत्र सत्य कळल्यावरही बुद्धिपुरस्सर पाप करणाऱ्याविषयी कमालीचे कठोर आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील येशू मात्र भावाला क्षमा करण्याची मर्यादा साताच्या पलीकडे, जवळजवळ मोजदाद सुटेल इतकी वाढवतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा हा प्रश्न ख्रिस्ती विचारातून कधीच पूर्णपणे मिटला नाही.

कॅथलिक परंपरेत त्याची व्यवस्था ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मधील चौदाव्या सत्रात लावली. या व्यवस्थेनुसार अनुतापात दोन गोष्टी अंतर्भूत असतात : केलेल्या पापाविषयी आंतरिक दुःख व तिटकारा, आणि पुढे पाप न करण्याचा निश्चय. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा लागतो. निश्चय ही इच्छाशक्तीची कृती आहे, भाकीत नव्हे. आपण पुन्हा पडू अशी भीती असूनही माणूस या क्षणी न पडण्याचा निश्चय करू शकतो, आणि धर्मशास्त्राला तेवढे पुरते. दुसरा भेद अनुतापाच्या प्रतीचा आहे. ईश्वरावरील प्रेमातून उपजणारा अनुताप परिपूर्ण. पापनिवेदनाची इच्छा त्यात सामावलेली असेल तर धर्मगुरू भेटण्यापूर्वीही तो माणसाचा ईश्वराशी समेट घडवतो. नरकाच्या भीतीतून अथवा पापाच्या किळसेतून येणारा अनुताप अपूर्ण. तो त्याज्य नाही, पण त्याला धर्मगुरूसमोरच्या पापनिवेदनाची जोड लागते.

हा दुसरा भेद पाठ्यपुस्तकी वाटेल. 'मौन'च्या आकलनाची किल्ली मात्र त्यातच आहे.

धर्मगुरूविना समाज

जपानमधील ख्रिस्ती धर्माच्या आरंभाचा गोव्याशी थेट संबंध आहे. आंजिरो हा जपानी मनुष्य १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियरबरोबर कागोशिमाला उतरला. कादंबरीतील रॉड्रिग्ज व त्याचे सहकारीही लिस्बनहून गोव्यास आणि तेथून मकावला येतात. किचिजिरो त्यांना मकावमध्येच भेटतो. झेवियरने आंजिरोच्या सल्ल्यावरून ईश्वरासाठी आरंभी 'दाइनिची' हे बौद्ध नाव योजले होते. त्यातून अनर्थ होत असल्याचे ध्यानात आल्यावर 'देउस' हा परका शब्दच स्वीकारण्यात आला. पुढे जपानी ख्रिस्ती परिभाषेत पोर्तुगीज शब्दांचा भरणा झाला : अनुतापाला 'कोंचिरिसान', पापनिवेदनाला 'कोन्हिसान'. गोव्यातील कोंकणीत पापनिवेदनाला 'कुमसार' म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दाचाच वंशज. राशोलच्या थॉमस स्टीफन्सने मात्र आपल्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'त 'वैकुंठ'सारखे देशी शब्द निःशंकपणे वापरले. एकाच जेझुइट संघाने दोन भूमींत स्वीकारलेल्या या दोन वाटा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतील.

१६१४ च्या बंदीनंतर जपानमधील धर्मगुरू हद्दपार झाले, मारले गेले, काहींनी धर्म सोडला. क्रिस्तोव्हाँव फेरेरा या ज्येष्ठ जेझुइटाने १६३३ मध्ये खड्ड्यातील छळानंतर केलेला धर्मत्याग ही ऐतिहासिक घटना असून कादंबरीची सुरुवात तिच्याच वार्तेने होते. पुढे नागासाकी परिसरात दर वर्षी नववर्षाच्या सुमारास लोकांना 'फुमिए' म्हणजे ख्रिस्ताची वा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवावी लागे. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. गुप्त ख्रिस्ती कुटुंबे प्रतिमेवर पाय ठेवीत आणि घरी येऊन अनुतापाची प्रार्थना म्हणत. या प्रार्थनेमागे 'कोंचिरिसान नो र्याकु' ही १६०३ ची पुस्तिका होती. धर्मगुरू उपलब्ध नसताना परिपूर्ण अनुताप कसा करावा हे शिकवणारी ही पुस्तिका हस्तलिखित नकलांच्या रूपाने पिढ्यान् पिढ्या टिकली. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये हे लोक फ्रेंच धर्मगुरूसमोर प्रकट झाले तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे त्यांनी धर्मगुरूविना काढली होती.

या वस्तुस्थितीतील विसंगती विलक्षण आहे. ज्यांच्यात हुतात्मा होण्याइतके बळ नव्हते, त्यांच्याकडून धर्मशास्त्र सर्वांत उच्च प्रतीच्या अनुतापाची अपेक्षा करत होते. शिवाय पुढच्या वर्षी पुन्हा प्रतिमा तुडवावी लागणार हे कॅलेंडरमध्ये नोंदवल्यासारखे निश्चित होते. निश्चय म्हणजे भाकीत नव्हे, हा वर सांगितलेला भेद येथे ताणून ताणून तुटण्याच्या बेतास येतो. किचिजिरो हा या समाजाचा प्रतिनिधी आहे. एका समाजाने दोन शतकांत जे केले ते एन्दो यांनी एका माणसाच्या आयुष्यात कोंबले आहे.

किचिजिरोचा पाठलाग

किचिजिरोच्या पतनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. कादंबरीतील घटनांच्या काही वर्षे आधी त्याने प्रतिमेवर पाय ठेवला आणि आपल्या भावंडांना जाळताना पाहिले. तोमोगी गावातून मोकिची व इचिझो यांच्याबरोबर तो ओलीस म्हणून जातो. मरियेच्या प्रतिमेवर थुंकण्याची आज्ञा होते तेव्हा ते दोघे कचरतात व समुद्रात खांबांना बांधून मारले जातात, किचिजिरो आज्ञा पाळून निसटतो. त्यानंतर तो रॉड्रिग्जला खारवलेली मासळी खाऊ घालतो, त्याची तहान भडकवतो आणि पहारेकऱ्यांच्या हवाली करतो. आणि तेथून खरा पाठलाग सुरू होतो. धर्मगुरू जेथे नेला जाईल तेथे हा जातो, आरडाओरडा करतो, स्वतःला ख्रिस्ती म्हणवून कोठडीत शिरतो, पुन्हा धर्म नाकारून सुटतो.

हा पाठलाग वाचकाला चीड आणतो. काही वेळा हसूही. परंतु ट्रेंटचा भेद समोर ठेवला तर त्यामागील अपरिहार्यता दिसू लागते. किचिजिरोचा अनुताप भीतीने भरलेला आहे. परिपूर्ण अनुताप आपल्या आवाक्यातला नाही, हे त्याला शब्दांत मांडता आले नाही तरी उमगलेले आहे. म्हणून त्याला धर्मगुरू हवाच. मोकिचीसारख्याला धर्मगुरूविना मरता आले. किचिजिरोला धर्मगुरूविना जगताही येत नाही. आणि त्या प्रदेशात उरलेला एकमेव धर्मगुरू त्याने विकला आहे. ज्याच्याकडून क्षमा मिळू शकते त्यालाच गमावण्याचे पाप, आणि त्याच पापाची क्षमा त्याच माणसाकडे मागण्याची पाळी, ही गाठ एन्दो यांनी फार विचारपूर्वक मारली आहे. यहूदाच्या कथेत ती नाही.

किचिजिरोचा बचावही दुर्लक्षिता येत नाही. तो जन्मतः दुबळा आहे. छळ नसता तर तोही साधा, भाविक ख्रिस्ती म्हणून सुखाने मेला असता, असे तो म्हणतो. हे कांगावखोरपणाचे बोलणे आहे आणि तरीही खरे आहे. शांततेच्या काळात ज्यांच्या दुबळेपणाची परीक्षाच झाली नाही अशा असंख्य पुण्यवंतांकडे हे वाक्य बोट दाखवते. प्राध्यापकांच्या वर्गखोलीत या पात्राविषयी तुच्छतेने बोलणे किती सोपे असते!

रॉड्रिग्जच्या तुच्छतेची नोंद कादंबरी काटेकोरपणे घेते. किचिजिरोच्या अंगाचा, तोंडाचा वास, त्याचे लाचार डोळे यांचा उल्लेख वारंवार येतो. ख्रिस्ताचा चेहरा रॉड्रिग्ज सतत सुंदर कल्पितो, आणि ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो समोर घाणेरडा उभा असतो. नागासाकीच्या कोठडीत तो किचिजिरोसाठी पापक्षमेचे शब्द उच्चारतो खरा, पण अंतःकरणापासून नव्हे. केवळ याजकीय कर्तव्य म्हणून. संस्काराच्या वैधतेला त्याने बाध येत नाही. मात्र येथून प्रश्नाची दिशा बदलते. तोपर्यंत पश्चात्ताप करणाऱ्याचे मन खरे की खोटे, याची तपासणी चालली होती. आता क्षमा करणाऱ्याचे मन तपासले जाऊ लागते.

ग्रीनशी तुलना

एन्दो यांना अनेकदा 'जपानचे ग्रॅहॅम ग्रीन' म्हटले गेले, आणि ग्रीन यांनी 'मौन'ची प्रशंसाही केली होती. ग्रीन यांच्या 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) या कादंबरीत मेक्सिकोतील दारुडा धर्मगुरू आपल्या पापातून जन्मलेल्या मुलीवर इतके प्रेम करतो की त्या पापाचा पश्चात्ताप त्याला जमत नाही. 'द हार्ट ऑफ द मॅटर' (१९४८) मधील स्कोबी आपले विवाहबाह्य संबंध तोडण्याचे वचन देऊ शकत नाही, म्हणून फादर रँक त्याला पापक्षमा देत नाहीत. दोन्ही ठिकाणी अडथळा निश्चयाचा आहे आणि दोन्ही ठिकाणी पापाच्या मुळाशी प्रेम किंवा करुणा आहे. ग्रीन यांचे पापी त्यामुळे भव्य होतात. वाचक त्यांच्यावर लोभ करतो. एन्दो यांनी हा आधार काढून घेतला. किचिजिरोच्या पापामागे फक्त भीती आहे. ग्रीन यांच्या कादंबरीतही धर्मगुरूला सापळ्यात नेणारा एक मिश्रवंशीय फितूर आहे, पण तो दुय्यम पात्रच राहतो. एन्दो यांनी त्या दुय्यम पात्राच्या जागी उभे राहून प्रश्न विचारला, हे त्यांचे मोठे धाडस मानावे लागेल.

स्वस्त क्षमेचा आक्षेप

कादंबरीच्या अखेरीकडे, प्रतिमेवर पाय ठेवल्यानंतर, किचिजिरो रॉड्रिग्जकडे पुन्हा येतो आणि पापनिवेदन ऐकण्याची याचना करतो. आपण आता धर्मगुरू नाही, असे रॉड्रिग्ज प्रथम म्हणतो, पुढे ऐकतो. आपले धर्मबंधू याला संस्काराची विटंबना म्हणतील याची त्याला जाणीव आहे. पतित धर्मगुरूने दिलेला संस्कार वैध असतो का, हा चौथ्या-पाचव्या शतकातील डोनॅटिस्ट वादाचा प्रश्न होता. डायोक्लेशनच्या छळात पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करणाऱ्यांवरूनच तो वाद पेटला होता, आणि ऑगस्टिनने संस्काराची वैधता धर्मगुरूच्या पात्रतेवर अवलंबून नसल्याचे प्रतिपादन केले. पापनिवेदनाला अधिकारक्षेत्राचीही अट असल्याने रॉड्रिग्जची बाजू कायद्याने तितकी भक्कम नाही. परंतु साहित्यदृष्ट्या निर्णायक गोष्ट वेगळी आहे : या वेळी तुच्छता उरलेली नाही. ज्याला स्वतःलाच क्षमेची गरज आहे असा माणूस आता क्षमा देत आहे.

यावर गंभीर आक्षेप घेता येतो. डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ च्या आपल्या 'नाखफोल्गे' या ग्रंथात अनुसरणाची किंमत न मागणाऱ्या 'स्वस्त कृपे'वर घणाघाती टीका केली होती. ख्रिस्ताला शिक्षा करणाऱ्या पित्यापेक्षा सोबत दुःख भोगणाऱ्या मातेच्या रूपात पाहण्याची एन्दो यांची दृष्टी या टीकेला तोंड देऊ शकते काय? जपानमधील काही कॅथलिक धर्मगुरूंना ही कादंबरी रुचली नव्हती, त्यामागे अशीच धास्ती असावी. खरे तर याहून अवघड आक्षेप बळींच्या बाजूने येतो. रॉड्रिग्जने स्वतःशी झालेल्या विश्वासघाताची क्षमा करणे समजू शकते. पण जळालेल्या भावंडांचे काय? किचिजिरो जिवंत राहिला आणि ते राहिले नाहीत, त्यांच्या वतीने कोण बोलणार? संस्कार ईश्वराशी समेट घडवतो, मृतांशी नव्हे. कादंबरी हा प्रश्न हाताळत नाही, ही तिची उणीव मान्य केली पाहिजे. दुबळ्यांचा कैवार घेताना तिने आणखी दुबळ्यांकडे, म्हणजे बोलू न शकणाऱ्या मृतांकडे, पाठ फिरवली आहे.

स्वस्त कृपेच्या आक्षेपाला मात्र कादंबरीत उत्तर आहे. ते कथनाच्या प्रवाहात नाही. अनेक वाचक वगळतात त्या शेवटच्या पानांत आहे.

अधिकाऱ्याची दैनंदिनी

कादंबरीच्या शेवटी एदो येथील ख्रिस्ती निवासावर नेमलेल्या एका अधिकाऱ्याची दैनंदिनी जोडली आहे. ती १६७० च्या दशकातील असून प्रत्यक्ष ऐतिहासिक नोंदवहीच्या आधारे रचलेली आहे. भाषा रुक्ष, कारकुनी. तारखा, पहाऱ्याच्या पाळ्या, खर्च यांनी भरलेली. रॉड्रिग्ज आता ओकादा सान्एमोन या नावाने ओळखला जातो. ज्याच्यावरून हे पात्र बेतले त्या जुझेप्पे कियारा या जेझुइटाचे जपानी नाव ओकामोतो सान्एमोन असे होते. दैनंदिनीत एक नोंद सहज येऊन जाते : सान्एमोनला धर्म नाकारणारा लेख लिहिण्यास सांगितले आहे. ज्याने इतक्या वर्षांपूर्वी धर्म नाकारला, त्याला पुन्हा नाकारण्याची गरज का भासावी? मधल्या काळात तो परत वळला असावा, असा तर्क वाचकाला करावा लागतो. म्हणजे 'एकदाच पडलेला' रॉड्रिग्जही किचिजिरोप्रमाणेच पडत-उठत राहिला. दोघांमधील अंतर या कोरड्या नोंदीने पुसले जाते. स्कोर्सेसी यांच्या २०१६ च्या चित्रपटात मृत रॉड्रिग्जच्या हातात लहानसा क्रूस दाखवून हा संदेह मिटवला आहे. कादंबरीत असा क्रूस नाही, आणि तिचे बळ या नसण्यातच आहे.

त्याच दैनंदिनीत किचिजिरोही आहे. तो सान्एमोनच्या घरी नोकर म्हणून राहिला आहे. कोणी त्याला बांधून ठेवलेले नाही. पळून जाण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस क्षमा देणाऱ्याजवळ येऊन राहिला आणि म्हातारा झाला. ट्रेंटच्या व्यवस्थेत अनुताप व निवेदन यांच्यानंतर भरपाई येते. किचिजिरोच्या बाबतीत भरपाईचे नाव घ्यावयाचे तर ते या राहण्याला द्यावे लागेल. एके दिवशी झडतीत त्याच्या गळ्यातील ताइताच्या पिशवीत संतांच्या प्रतिमा सापडतात. त्याची चौकशी होते. वस्तू कोठून मिळाली, सान्एमोनने दिली काय, असे त्याला विचारले जाते. मोकिचीच्या वेळी तो थुंकला होता; रॉड्रिग्जच्या वेळी त्याने नाणी घेतली होती. या वेळी ती वस्तू सान्एमोनकडून मिळाल्याचे तो मान्य करत नाही. अधिकारी त्याचे उत्तर लिहून घेतो आणि पुढच्या तारखेकडे वळतो.